धड्याचा हिशोब: वजनावर माल विकणाऱ्या नव्या दुकानदाराला

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुटा माल वजनावर आणि थोडा लांबीवर विकणारं दुकान नुकतंच सुरू केलंय. इलेक्ट्रॉनिक काटा ऑनलाइन मागवला, त्याच्यासोबत कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र आलं. तेवढं पुरतं का? मोकळ्या वेळात १०० आणि ५०० ग्रॅमच्या पिशव्या भरून ठेवल्या तर किती ग्रॅम इकडेतिकडे चालतात? आणि गिऱ्हाईक स्वतःची बरणी घेऊन आलं तर तोलायचं कसं?

तीस वर्षं मी काटे दुरुस्त केले. सुरुवात दांडीच्या तराजूंपासून झाली, शेवट लोडसेलवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक काट्यातल्या भार मोजणाऱ्या भागावर. पडताळणीच्या वेळी निरीक्षकाच्या शेजारी उभं राहायचा प्रसंग शेकडो वेळा आला, त्यामुळे दुकानदार नेमका कुठे अडकतो हे जवळून पाहिलंय. देशोदेशीचे दंड आणि मुदती वेगळ्या असतात, पण नियमांचा सांगाडा बराचसा सारखा आहे. १९५५ साली स्थापन झालेली आणि पॅरिसमधून चालणारी आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटना, म्हणजे ओआयएमएल, ज्या शिफारशी काढते त्यांच्यावर बऱ्याच देशांनी आपापले नियम बेतले आहेत. दुकानातल्या काट्यांसाठी आर ७६, वजनांसाठी आर १११ आणि बंद पाकिटातल्या मालासाठी आर ८७. खालचे बहुतेक आकडे या तिन्हींतले आहेत. तुमच्याकडे काय लागू आहे ते वैधमापन कार्यालयात विचारून घ्याच. हे वाचून गेलात तर काय विचारायचं ते तरी नेमकं ठरेल.

तुमचा बरणीचा प्रश्न शेवटचा आहे, पण मी तिथूनच सुरुवात करतो. प्रामाणिक दुकानदाराकडून माप कमी पडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

कायद्याची मागणी तशी साधी आहे. जेवढं सांगून विकलं तेवढा निव्वळ माल गिऱ्हाइकाच्या हाती पडला पाहिजे. पिशवी, कागद, दोरा, झाकण, वरचा बर्फ, माल ज्या पाण्यात बुडवून ठेवलाय ते पाणी, यातलं काहीही मालात धरायचं नाही. जुने लोक यासाठी धडा करत. रिकामं भांडं एका पारड्यात, दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच भाराचे दगड-खिळे टाकून दांडी सरळ करायची, आणि मगच भांड्यात माल ओतायचा. पारडीच मुळात एकमेकांशी जुळत नसतील तर हलक्या पारड्याला बारीक तुकडा बांधायचा, तो पासंग. 'पासंगालाही पुरत नाही' असं आपण म्हणतो ते त्या तुकड्यावरून. इलेक्ट्रॉनिक काट्यावर हीच दोन कामं दोन बटणं करतात. झीरो म्हणजे पासंग, टेअर म्हणजे धडा.

ही दोन्ही बटणं एकच काम करतात असं समजणारे दुकानदार मला सतत भेटत. पिशवी ठेवायची, झीरो दाबायचं, पडद्यावर शून्य आलं की झालं! आकडा बरोबर येतोही. पण झीरोचं काम रिकामा काटा शून्यावर आणणं एवढंच आहे, आणि आर ७६ प्रमाणे त्याची पोच कमाल क्षमतेच्या ४ टक्क्यांपर्यंत. १५ किलोच्या काट्यावर म्हणजे ६०० ग्रॅम. त्याहून जड बरणी ठेवली तर बटण दाद देत नाही आणि गर्दीच्या वेळी नोकर 'असू दे' म्हणून बरणीसकट तोलून मोकळा होतो. शिवाय टेअर दाबलं की पडद्यावर 'नेट'ची खूण उजळते. समोरच्या माणसाला कळतं की भांडं वजा झालंय. झीरो दाबून भांडं वजा केलं तर ही खूण येत नाही. गिऱ्हाइकाला शंका आली, तर दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही.

बरणीची रीत अशी ठेवा. बरणी कोरडी आणि रिकामी आहे ना ते बघा. झाकणासकट धडा केला तर झाकणासकटच तोला, नाहीतर दोन्ही वेळा झाकण बाजूला. हे इतकं उघड आहे की सांगायला संकोच वाटतो, पण काचेच्या बरणीचं धातूचं झाकणही बऱ्यापैकी भरतं. बरणीवर आधीच लिहून आणलेलं वजन धरू नका, प्रत्येक वेळी स्वतः धडा करा. बरणीचा भार काट्याच्या क्षमतेतून वजा होतो, हेही लक्षात असू द्या: १५ किलोच्या काट्यावर १ किलोची बरणी ठेवलीत तर माल तोलायला १४ किलोच उरतात.

आणि एक सवय लावून घ्या. भरलेली बरणी उचलली की पडद्याकडे नजर टाकायची. तिथे उणे आकडा दिसला तर मागचा धडा अजून लागू आहे. तो पुसल्याशिवाय पुढच्या गिऱ्हाइकाचा माल ठेवायचा नाही. यात नुकसान तुमचंच होतं. ४०० ग्रॅमच्या बरणीचा धडा तसाच राहिला आणि पुढच्याला ५ ग्रॅमच्या पिशवीत माल दिला, तर ३९५ ग्रॅम फुकट गेले.

आता पिशव्यांकडे येतो, म्हणजे तुम्ही आधी भरून ठेवता त्या. एका दुकानात मला बोलावलं होतं, तपासणीत पिशव्या कमी भरल्या म्हणून. मालक वैतागलेला. काट्यावरचा शिक्का मला चारदा दाखवून झाला होता. मी प्रमाण वजनं लावून बघितली, काट्यात दोष नव्हता. मग एक पिशवी रिकामी करून तोलली, तेव्हा उलगडा झाला. वर्षभरापूर्वी त्यानं काट्यात कायमचा धडा भरून ठेवला होता, २ ग्रॅमचा, तेव्हाच्या पातळ पिशवीचा. मध्यंतरी दिसायला छान म्हणून जाड, चेन असलेल्या पिशव्या आणल्या. नवी पिशवी ८ ग्रॅमची. म्हणजे १०० ग्रॅमच्या प्रत्येक पिशवीत माल ९४ ग्रॅम. त्या माणसानं काटा मारला नव्हता, पण हिशोबात ते काटा मारण्यासारखंच झालं. काट्यानं पडताळणीत केवढी चूक करायची याला मर्यादा असते. पिशवी बदलली हे मात्र काट्याला कोण सांगणार?

पिशव्यांचा नवा गठ्ठा आला की त्यातल्या दहा एकत्र तोलून दहानं भागा आणि धडा नवा भरा. एकेक तोलू नका. ५ ग्रॅमच्या टप्प्यांनी मोजणाऱ्या काट्याला ३ ग्रॅमची पिशवी दिसते तरी ५ ग्रॅमची, किंवा दिसतच नाही.

हा टप्पा म्हणजे काय, ते काट्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी म्हणजे बाजूला किंवा पडद्याखाली चिकटवलेली बारीक पट्टी, जी कोणी वाचत नाही. तिच्यावर 'मॅक्स', 'मिन', 'ई' आणि लंबगोलात एक रोमन आकडा असतो. रोमन आकडा अचूकतेचा वर्ग सांगतो. दुकानातले काटे बहुधा तिसऱ्या वर्गाचे, मौल्यवान धातू तोलायचे दुसऱ्या वर्गाचे. 'ई' म्हणजे पडताळणीसाठी धरलेला टप्पा. मॅक्स १५ किलो आणि ई ५ ग्रॅम असा काटा घेऊ. तिसऱ्या वर्गात 'मिन' ही 'ई'च्या २० पट असते, म्हणजे १०० ग्रॅम. त्याच्या खाली तोललेल्या वजनावर भिस्त ठेवायची नाही असा त्याचा अर्थ.

का ते आकड्यांत बघा. या काट्याला पडताळणीच्या वेळी अडीच किलोपर्यंत २.५ ग्रॅमची, तिथून १० किलोपर्यंत ५ ग्रॅमची आणि त्यावर ७.५ ग्रॅमची चूक माफ असते. कमी किंवा जास्त, दोन्हीकडे. वापरात असताना ही मर्यादा दुप्पट धरतात. आता याच काट्यावर कोणी ४० ग्रॅम माल मागितला. काटा अगदी निर्दोष असला तरी ३७.५ पासून ४२.५ पर्यंत काहीही ठेवलं तरी पडदा ४०च दाखवणार, कारण मधले आकडे त्याच्याकडे नाहीतच. वर वापरातली ५ ग्रॅमची चूक धरा. ४० ग्रॅमात ५ ग्रॅम म्हणजे साडेबारा टक्के. दोन किलोच्या मालात हेच ५ ग्रॅम पाव टक्का होतात आणि कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. म्हणून महाग आणि थोडा थोडा जाणारा माल मोठ्या काट्यावर तोलायचाच नाही. १ ग्रॅम टप्प्याचा ३ किलोचा छोटा काटा शेजारी ठेवा, त्याची 'मिन' २० ग्रॅम असते. किंवा दोन टप्प्यांचा काटा घ्या, जो ६ किलोपर्यंत २ ग्रॅमनं आणि पुढे १५ किलोपर्यंत ५ ग्रॅमनं मोजतो. त्याची 'मिन' ४० ग्रॅमवर येते. दुकानासाठी पहिली मोठी खरेदी कुठली करावी असं विचाराल तर मी दुसरा छोटा काटा सांगेन. रंगीत पडदा आणि छपाईयंत्र नंतर बघू.

हा काटा ठेवायचाही अशा जागी की पडदा तुम्हाला आणि गिऱ्हाइकाला एकाच वेळी दिसेल. समोरासमोरच्या विक्रीच्या काट्यासाठी ही आर ७६ची अटच आहे. पडद्यासमोर बरण्यांची रांग मांडलेली दुकानं मी पुष्कळ पाहिली. मनात काही नसतं, जागा नसते एवढंच. पण तपासणीत 'जागा नव्हती' हे उत्तर चालत नाही.

आता ऑनलाइन मागवलेला काटा आणि ते प्रमाणपत्र. इथे दोन शब्दांची गल्लत होते. कॅलिब्रेशन म्हणजे अमुक दिवशी, अमुक जागी, अमुक वजनं लावल्यावर काट्यानं काय दाखवलं त्याची नोंद. कुठलीही चांगली प्रयोगशाळा ती देऊ शकते. पडताळणी ही कायद्यानं ठरवलेली कृती आहे. अधिकार असलेली व्यक्ती काटा तपासते, चूक मर्यादेत आहे ना बघते, शिक्का मारते, आणि आतल्या जुळवणीला हात लागू नये म्हणून सील लावते. तो शिक्का ठरलेल्या मुदतीपुरता असतो. काही ठिकाणी एक वर्ष, काही ठिकाणी दोन. सील तुटलं किंवा आत दुरुस्ती झाली की मुदत उरलेली असली तरी पडताळणी पुन्हा करावी लागते. आणि या सगळ्याच्या आधी त्या काट्याच्या नमुन्याला मंजुरी असावी लागते. मंजुरीच नसलेला काटा कितीही अचूक असला तरी व्यापारात वापरता येत नाही. घरगुती काट्यांच्या माहितीपत्रकात 'व्यापारी वापरासाठी नाही' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तुमच्या डब्यात तो कागद शोधा.

तुमच्या प्रमाणपत्राला मी हसत नाही, पण ते पुरेसं नसण्याचं एक कारण कागदोपत्री नाही, भौतिकशास्त्राचं आहे. दांडीचा तराजू दोन वस्तूंची तुलना करतो. गुरुत्वाकर्षण कमीजास्त झालं तरी दोन्ही पारड्यांना सारखंच लागतं. लोडसेल मात्र खाली किती जोर पडतो ते मोजतो, आणि हा जोर पृथ्वीवर सगळीकडे सारखा नाही. विषुववृत्तावर गुरुत्वीय त्वरण ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. फरक अर्ध्या टक्क्याचा. ध्रुवाजवळ जुळवलेला काटा विषुववृत्तावर आणून १० किलोचं वजन ठेवलं तर ते सुमारे ५३ ग्रॅमनं कमी दाखवेल. ५ ग्रॅमच्या टप्प्यानं दहा टप्पे! उंचीचा परिणाम यापेक्षा बराच कमी, दर हजार मीटरला १० किलोमागे साधारण ३ ग्रॅम. प्रत्यक्षात कोणी ध्रुवावरून काटा मागवत नाही, पण कारखाना वेगळ्या अक्षांशावर असतोच. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच जुळवून, तिथेच तपासून घ्यायचा. दुकान दूरच्या भागात हलवलंत तरी तेच.

याच्या उलट, ज्या गोष्टीची लोकांनी उगाच धास्ती घेतली ती सांगतो. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली. तोवर पॅरिसजवळच्या सेव्ह्रमध्ये ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा म्हणजे किलो होता, आता तो प्लँकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून ठरतो. त्या सुमारास दोन-तीन दुकानदारांनी मला फोन करून विचारलं, वजनं बदलावी लागतील का. नाही. नवी व्याख्या जुन्याशी जुळवूनच केलेली आहे, तुमच्या काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता किती ग्रॅम इकडेतिकडे चालतात. तुमच्या समोर, गिऱ्हाइकाच्या समोर तोलून दिलेल्या मालाला काट्याच्या मर्यादेपलीकडे वेगळी सूट नाही. सूट आहे ती आधी भरून ठेवलेल्या, सारख्या वजनाच्या बंद पाकिटांना. आणि इथे ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की मोकळ्या वेळात पिशवी भरून बंद केलीत त्या क्षणी तुम्ही कायद्याच्या नजरेत दुकानदारासोबत पॅकरही झालात. बाहेरून बंद आलेल्या पाकिटात माल कमी निघाला तर मुख्य जबाब पॅकर देतो. तुमच्या पिशवीचा पॅकर तुम्हीच.

आर ८७ची पद्धत तीन चाळण्यांची आहे. पहिली, सगळ्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी असता कामा नये. दुसरी, ठरलेल्या तुटीपेक्षा जास्त कमी भरलेली पाकिटं शंभरात अडीचच्या वर नकोत. तिसरी, त्या तुटीच्या दुपटीपेक्षा जास्त कमी भरलेलं एकही पाकीट नको. तूट वजनानुसार बदलते. ५० ते १०० ग्रॅमपर्यंत ४.५ ग्रॅम, १०० ते २०० ग्रॅमपर्यंत साडेचार टक्के, २०० ते ३०० पर्यंत ९ ग्रॅम, ३०० ते ५०० पर्यंत ३ टक्के, ५०० ग्रॅम ते किलोपर्यंत १५ ग्रॅम, किलोपासून १० किलोपर्यंत दीड टक्का. युरोपच्या १९७६च्या निर्देशातही हाच तक्ता आहे.

म्हणजे तुमच्या ५०० ग्रॅमच्या पिशवीची तूट १५ ग्रॅम. हे वाचून 'चला, १५ ग्रॅमची सूट आहे' असं म्हणत ४९० वर भरायला लागलेले लोक मी पाहिलेत, आणि पकडले गेलेलेही पाहिलेत. पहिली चाळणी ते विसरतात. दहा पिशव्या घ्या, प्रत्येकीत ४९७ ग्रॅम. एकही पिशवी ४८५ च्या खाली नाही, तरी सगळा गठ्ठा नापास, कारण सरासरी ५०० च्या खाली आहे. उलट दुसऱ्या दहा पिशव्या बघा: ५०३, ४९८, ५०१, ५०६, ४९७, ५००, ५०२, ४९९, ५०४, ४९५. चार पिशव्या पाचशेच्या खाली आहेत, पण बेरीज ५००५ आणि सरासरी ५००.५. या दहांपुरता हिशोब चोख. ही सूट हाताच्या आणि यंत्राच्या चढउतारासाठी आहे. मुद्दाम कमी भरायची ती परवानगी नव्हे.

मघाच्या चेनवाल्या पिशव्यांना हाच तक्ता लावा. १०० ग्रॅमची तूट साडेचार, त्याची दुप्पट ९. त्याची प्रत्येक पिशवी ६ ग्रॅमनं कमी होती. तिसऱ्या चाळणीतून सुटली, पहिल्या दोन्हींत अडकली.

तुमच्याएवढ्या दुकानाला मी सरासरीच्या भानगडीत पडू नका असंच सांगेन. सरासरी सांभाळायला नमुने काढावे लागतात, नोंदी ठेवाव्या लागतात, आणि एका बैठकीत चाळीस पिशव्या भरणाऱ्याला ते परवडत नाही. तुम्ही प्रत्येक पिशवी छापलेल्या वजनाइतकी किंवा किंचित वर भरा. झुकतं माप म्हणतात ते इथे स्वस्तात पडतं. नाहीतर सारखं वजन भरायचा हट्टच सोडा: हाताला येईल तेवढा माल भरा आणि जे निव्वळ वजन येईल ते प्रत्येक पिशवीवर वेगळं छापा. लेबल छापणारा काटा असेल तर हा मार्ग सगळ्यात बिनघोर. लेबलवर वजनाच्या आकड्याची उंचीही ठरलेली असते. युरोपात ५० ग्रॅमपर्यंत २ मिलिमीटर, २०० पर्यंत ३, किलोपर्यंत ४ आणि त्यावर ६. बाकी नाव, पत्ता, तारीख वगैरे तुमच्या भागाच्या नियमाप्रमाणे.

भरलेली पिशवी शेल्फवर बसून हलकी होते, हे मात्र कोणी आधी सांगत नाही. ओलसर माल सुकतो. आज ५०० भरलेला महिन्यानं ४९२ निघाला, तर तपासणी महिन्यानंतरच्या वजनाची होणार. काही देश याला थोडी मुभा देतात. अमेरिकेत पिठासाठी ३ टक्क्यांपर्यंतची घट विचारात घेतात. पण मुभेच्या भरवशावर राहण्यापेक्षा घट मोजलेली बरी. प्रत्येक मालाच्या दोन पिशव्या बाजूला ठेवा, तारीख आणि वजन लिहून. पंधरा दिवसांनी, महिन्यानं परत तोला. जी घट दिसेल तेवढी भरताना वर टाका. ऋतू बदलला की पुन्हा हेच करा, कोरड्या हवेत घट वाढते. गोठवलेल्या मालावर बर्फाचा थर असतो तो वजनात धरायचा नाही, आणि पाण्यात बुडवून डबाबंद केलेल्या मालावर निथळलेलं वजन वेगळं लिहावं लागतं. तुम्ही ते विकत असाल तर तेवढं बघून घ्या.

लांबीचा माल सोपा आहे. शिक्का असलेली मोजपट्टी किंवा मीटर काठी वापरा, काउंटरवर खिळे ठोकून केलेल्या खुणा कायद्यात चालत नाहीत. कापड सपाट अंथरून, न ताणता मोजायचं. ताणून मोजलेलं कापड कापल्यावर आखडतं आणि तेवढं कमी भरतं. वायर आणि दोर यांनाही तेच. कापडी टेप वापरानं लांबते, ती विक्रीसाठी नकोच.

द्रव पदार्थ तुम्ही विचारलेले नाहीत, पण पुढेमागे विकालच. मापात फेस धरायचा नाही, माप सपाट जागेवर ठेवून रेषेच्या पातळीला डोळा आणायचा, आणि ओतल्यावर माप निथळू द्यायचं. मापाला चिकटून राहणाऱ्या थेंबांचा हिशोब कौटिल्यानंही केला होता. अर्थशास्त्रातल्या पौतवाध्यक्षाच्या, म्हणजे वजनमापांवरच्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात द्रव विकणाऱ्यानं पन्नासावा भाग जादा द्यावा असं सांगितलंय, आणि या भरपाईला नाव दिलंय मानस्राव. शिक्का नसलेलं माप वापरल्याचा दंडही तिथेच आहे, सव्वासत्तावीस 'पण', म्हणजे त्या काळची नाणी. दोन हजार वर्षांपूर्वीचा निरीक्षकही चिकटलेले थेंब मोजत होता, हे वाचून मला भलताच आनंद झाला होता. तापमानाचाही एक कोपरा आहे: बंद पाकिटातल्या द्रवाचं आकारमान साधारणपणे २० अंश सेल्सिअसला धरतात, आणि तेलं पाण्यापेक्षा बरीच जास्त फुगतात. घट्ट किंवा तेलकट द्रव शक्य असेल तिथे वजनावर विका, ही कटकट मिटते.

रोजची तपासणी पाच मिनिटांची आहे. काटा चालू करून थोडा गरम होऊ द्या. पाण्याच्या बुडबुड्याची गोल खूण बघा, बुडबुडा वर्तुळाबाहेर असेल तर पायाचे स्क्रू फिरवून आत आणा. पारड्याखाली वायर, पावती, सांडलेला माल अडकलाय का बघा. पंख्याचा झोत पारड्यावर येत असेल तर एकतर काटा हलवा नाहीतर पंखा. मग १ किलोचं प्रमाण वजन मध्यभागी ठेवा. आर १११मधल्या एम१ वर्गाचं असेल तर त्याची स्वतःची चूक जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम असते, तुमच्या काट्याच्या मानानं काहीच नाही. ते फडक्यानं धरा, घामाच्या हातानं नको. मालाचं बंद पाकीट प्रमाण वजन म्हणून वापरू नका, त्याला पिशवी आहे आणि ते सुकतं हे आत्ताच बोललो. आठवड्यातून एकदा पारड्याच्या चारही कोपऱ्यांवर तोच भार ठेवून बघा. एखाद्या कोपऱ्यावर आकडा वेगळा आला तर लोडसेल दुखावलाय किंवा पारडं वाकलंय. बहुतेक वेळा कोणीतरी काट्यावर पोतं आपटलेलं असतं. चूक दिसली तर आत स्क्रू फिरवू नका, सील तुटेल. काटा बाजूला ठेवा, त्यावर कागद चिकटवा आणि परवानाधारक दुरुस्तीकाराला बोलवा.

हे सगळं एका वहीत उतरवा: तारीख, १ किलोला आलेला आकडा, पिशवीचा धडा, बाजूला ठेवलेल्या दोन पिशव्यांची वजनं. तपासणी आली की ही वही पुढे ठेवा. वहीमुळे कमी भरलेली पिशवी माफ होत नाही, पण चूक नकळत झाली की मुद्दाम केली हे ठरवताना तिच्याकडे बघितलं जातं.

राहिला तुमचा काटा. आज संध्याकाळी त्याची पाटी वाचा. नमुना मंजुरीचा क्रमांक, वर्ग, मॅक्स, मिन आणि ई हे सगळं असेल तर तो घेऊन वैधमापन कार्यालयात जा, पडताळणी करून घ्या आणि मगच विक्रीला लावा. पाटीच नसेल किंवा मंजुरीचा क्रमांक नसेल तर परत पाठवा. परत घेत नसतील तर मागच्या खोलीत साठा मोजायला ठेवा. तो चुकूनही पुढच्या काउंटरवर येऊ नये म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना त्यावर लाल रंगानं 'विक्रीसाठी नाही' असं लिहायला लावत असे.